पानदानातली गोळी

मित्रांनो, पितळेची जुनी पानदानं आता बहुतेक घरांत माळ्यावर नाहीतर शोभेच्या कपाटात बसलेली असतात. मी मात्र या वयातही कामावर आहे. डोणगावातल्या ज्या घरात मी नांदतो तिथं मला पानदान म्हणतात, आणि शेजारच्या जनकाबाई मला पानाचा डबा म्हणतात. डबा म्हटलं की मला जरा राग येतो, पण जनकाबाईंचं बोलणं मी मनावर घेत नाही. त्या बाईनं जे केलं ते ऐकलंत तर तुम्हीही घेणार नाही.

माझा जन्म जळगाव जामोदचा. तिथल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं, आतून कल्हई केली आणि पोटात चुना, कात, सुपारी, लवंग, वेलदोडा, बडीशेप यांच्यासाठी छोट्या छोट्या वाट्या बसवल्या. वर पानं ठेवायला एक ताटली, आणि त्यावर घुमटासारखं झाकण. अमीरबीच्या निकाहात तिच्या वडिलांनी मला तिच्याबरोबर दिलं. घाटाखालच्या उन्हातून आम्ही दोघं एकाच एसटीनं घाटावर आलो. ती रडत होती आणि मी तिच्या मांडीवर खडखडत होतो.

सासर मण्यारांचं होतं. तिचा नवरा वहाब आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचा आणि एरवी घराच्या पुढच्या खोलीत बसायचा. अमीरबीनं बांगड्या भरायला घेतल्या आणि पंचक्रोशीतल्या बायका तिलाच विचारत येऊ लागल्या. तिचा हातच तसा होता. साबणाचं पाणी लावून ती समोरच्या बाईचा पंजा असा दाबायची, की बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असायची आणि त्या बाईला पत्ताही नसायचा. नंबर लागेपर्यंत बाकीच्या बायका माझ्याभोवती बसत. पानदानाचा आमच्याकडे एक रिवाज आहे. ते असतं घरच्या बाईच्या हाताखाली, पण आलेल्या कुणालाही बंद नसतं. कुणी आपल्या हातानं सुपारी घेतली तरी तिला कुणी हटकत नाही. या रिवाजाचा मला फार अभिमान होता. माझ्यामुळे किती रुसवे मिटले आणि किती सोयरिकी जुळल्या, ते सांगायला लागलो तर तुम्हीच कंटाळाल.

मग अमीरबी आजारी पडली.

तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. घरात कुणाचं वाईट झालं नव्हतं, दुकान बरं चाललं होतं. तरी ती हळूहळू विझत गेली. आधी तिचं हसणं गेलं, मग जेवणाची चव गेली, मग न्हाण्याचाही कंटाळा येऊ लागला. पहाटेच तिचे डोळे उघडायचे आणि ती छताकडे बघत पडून राहायची. बांगड्या भरायला बाई आली की म्हणायची, "मह्याच्यानं नाही होत. मी कायच्याच कामाची नाही राह्यली." माझ्यातली पानं वाळून काळी पडली, चुन्याच्या वाटीत खडा झाला, तरी मला कुणी उघडलं नाही. लोक येऊन विचारत, तुला काय कमी आहे, कशाची काळजी आहे. या विचारण्यानं ती आजारापेक्षा जास्त थकली, असं मला आजही वाटतं.

कुणी नजर लागली म्हणालं, कुणी दृष्ट काढली. वहाबनं तिला सैलानीच्या दर्ग्यालाही नेऊन आणलं. तिथं ती खूप रडली, तेवढ्यापुरती हलकी झाली, आणि घरी येऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली. शेवटी वहाब तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं बुधवारी मनाच्या आजाराच्या डॉक्टर यायच्या. शरयू त्यांचं नाव. त्यांनी ऐकून घेतलं आणि नैराश्यावरची रोज एक अशी गोळी सुरू केली. घरी आल्यावर वहाबनं डॉक्टरांचं बोलणं, शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसं म्हणून दाखवलं.

"गुण यायले दोन-चार आठवडे लागतीन. पहिले त्रास दिसंन. मळमळ होईन, तोंड कोरडं पडंन, घाम येईन, हात थरथरतीन. झोप लय येईन नाहीतर येणारच नाही. बहुतेक थोड्या दिवसांत कमी होते म्हणे. जास्तच बेचैनी झाली, जीव नकोसा वाटला, तर बुधवारची वाट नाही पाह्यची, तवाच यायचं. आन मनानं बंद नाही करायची."

"सवय लागीन मले," अमीरबी भिंतीकडे बघत म्हणाली.

"नशेची गोळी नाही म्हणे ती," वहाब म्हणाला.

आता ही गोळी ठेवायची कुठं? गल्लीत कळलं तर लोक वेडी म्हणतील, याची दोघांनाही धास्ती. वहाबनं बराच विचार केला आणि गोळ्यांची पट्टी कापून माझ्या लवंगांच्या वाटीखाली सरकवली. पाहुण्याला दिसणार नाही आणि अमीरबीला विसरणार नाही. मला ही युक्ती आवडली. घरातलं एवढं मोठं गुपित त्यानं माझ्या पोटात ठेवलं होतं, फुगून जायला मला तेवढं कारण पुरे होतं.

पहिले दिवस वाईट गेले. अमीरबी सकाळी गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत तिला मळमळायचं. तोंड कोरडं पडलं की ती माझ्यातली बडीशेप चघळायची. बोटांना बारीक कंप आला होता, सुपारी कातरताना अडकित्ता खडखडायचा. ती दोनदा वहाबला म्हणाली, राहू दे या गोळ्या. तो पाण्याचा पेला पुढं करायचा. मग मळमळ ओसरली. एका सकाळी तिनं मला अंगणात नेलं, चिंच लावून घासलं, आणि वहाबला विचारलं, "नव्या बांगड्यांची पेटी कुठी ठेवली?" वहाब दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला डोळे पुसायचे होते.

जनकाबाई दाराला दार लागून राहायच्या. त्यांची मुलगी डिंपल, तिचं लग्न ठरलं होतं. लहानपणी तिच्या हातात पहिल्या बांगड्या अमीरबीनंच चढवल्या होत्या, तेव्हा लग्नाचा हिरवा चुडा दुसरं कुणी भरणार हा प्रश्नच नव्हता. या चुड्याची मोठी धास्ती असते. भरताना बांगडी फुटली तर फुटली असं म्हणतही नाहीत, वाढली म्हणतात. बायकांचे चेहरे मात्र उतरायचे ते उतरतातच.

एक दिवस जनकाबाई येऊन बसल्या. माझं झाकण उघडलं, सुपारी तोंडात टाकली आणि अमीरबीकडे बघत राहिल्या.

"काऊन वो अमीरबी, तुहा चेहरा खुलून राह्यला. मले पाह्य. लग्नाच्या घोरानं झोप म्हणून नाही. छातीत धडधड होते."

अमीरबीनं इतके दिवस जपलेलं गुपित त्या क्षणी सांगून टाकलं. मैत्रिणीपाशी किती दिवस लपवणार? लवंगांच्या वाटीखालची पट्टी तिनं बाहेर काढली. "मी हे घेतो. मन हलकं होते. पहिले थोडं मळमळते, मंग बरं वाटते."

"मंग मले दे ना."

"हाव, घे ना. त्यात काय."

तिनं सुपारी द्यावी तशा त्या गोळ्या दिल्या, आणि जनकाबाईंनी पदराच्या टोकाला बांधून घेतल्या. माझ्यापासून आजवर कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं, म्हणून त्या दोघींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आपलं सुख शेजारणीला वाटून दिल्याचं समाधान अमीरबीच्या चेहऱ्यावर मी पाहिलं.

जनकाबाई कमरेच्या दुखण्यावर आधीपासून एक जोराची गोळी घेत होत्या. ते त्यांना सांगावंसं वाटलं नाही आणि अमीरबीला विचारावंसं वाटलं नाही. दोन-तीन दिवस त्या दोन्ही गोळ्या घेत राहिल्या, आणि वर झोप लवकर यावी म्हणून अमीरबीच्या गोळ्या एका वेळी दोन. मग एका दुपारी डिंपलची हाक ऐकू आली. जनकाबाई घामानं चिंब झाल्या होत्या, अंगाला कापरं भरलं होतं, पाय आपोआप झटके देत होते आणि त्या डिंपललाच विचारत होत्या, की तू कोणाची पोट्टी. वहाबनं रिक्षा आणली. रिक्षा निघायच्या आत अमीरबी अनवाणी धावत गेली आणि सगळ्या गल्लीसमोर डिंपलला म्हणाली, "माह्या गोळ्या दिल्या मी तिले. डोक्याच्या. हे घे पट्टी, डाक्टरले दाखव." सगळ्या दारांत बायका उभ्या होत्या. मला पुढच्या खोलीतून हे ऐकू आलं, आणि तिच्या धाडसाचं मला फार कौतुक वाटलं.

त्या पट्टीमुळेच उपचार लवकर सुरू झाले. दुखण्याच्या काही गोळ्या आणि मनाची ही गोळी एका अंगात एकत्र आल्या की असं होऊ शकतं, कधी जिवावरही बेततं, असं तिथल्या डॉक्टरांनी डिंपलला सांगितलं. जनकाबाई वाचल्या. गल्लीत मात्र दुसरीच चर्चा सुरू झाली. डिंपलची आत्या सिंधूताई लग्नाच्या तयारीसाठी आली होती, ती ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वेडाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईच्या हातून चुडा भरता का? मेहकरातून दुसरा कासार बोलवा."

अमीरबीनं त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. "मह्या गोळीनं मह्या मैत्रिणीचा जीव चालला होता," एवढंच ती म्हणाली. वहाबलाही धक्का बसला होता, तोही म्हणाला, "सोड मंग."

मित्रांनो, चांगल्या मनानं केलेली ही दुसरी चूक. चार-दोन दिवसांत अमीरबीला गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. भलभलती स्वप्नं पडायची, वहाबवर ती उगाच चिडायची आणि मग तासभर रडायची. गल्ली म्हणाली, बघा, सवय लागली होती. पुढं तिचं ते जुनं भिंतीकडे तोंड करणं परत आलं. जनकाबाई दवाखान्यातून घरी आल्या होत्या, पण अमीरबी त्यांच्याकडे जाईना. लग्न जवळ येत चाललं होतं. चुडा दुसऱ्याच्या हातून भरला गेला असता तर अमीरबीनं पुन्हा कधी कुणाचा हात हातात घेतला नसता, हे मला स्पष्ट दिसत होतं.

बुधवारी वहाबनं तिला उठवलं, आणि का कोण जाणे, मलाही पिशवीत घातलं. शरयू डॉक्टरांच्या टेबलावर मी पहिल्यांदाच इतक्या स्वच्छ जागी बसलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझं झाकण उघडलं.

"गोळ्या यात ठेवत होता?"

"हाव. पाहुण्याले दिसू नाही म्हणून," वहाब म्हणाला.

"आणि पाहुण्यालाच दिल्या."

वहाबनं मान खाली घातली. अमीरबीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. बऱ्याच दिवसांनी हलला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मावशी, माझा चष्मा तुम्हाला चालेल का? ही गोळी तुमचं वय, तुमचा आजार, तुमच्या बाकीच्या गोळ्या बघून दिली होती. ती जनकाबाईंना चालली नाही म्हणून तुमच्यासाठी वाईट ठरत नाही. आणि हे गरगरणं, डोक्यातली वीज, हे व्यसन नव्हे. शरीराला सवय झालेली असते, एकदम सोडली की ते तक्रार करतं. थांबवायची वेळ येईल तेव्हा मी सांगेन, तीही थोडी थोडी कमी करून."

अमीरबीनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. "गोळीनं हात थरथरतात वो बाई. मले नवरीचा चुडा भरायचा आहे. गोळी घेतली तर हात जातो, नाही घेतली तर मीच जातो."

डॉक्टरांनी तिची बोटं पाहिली. लहान मात्रेपासून पुन्हा सुरू करू, चहा कमी करा, थरथर राहिली तर गोळी बदलूनही बघता येते, असं त्यांनी सांगितलं. हात अगदी पहिल्यासारखे होतील असं वचन मात्र दिलं नाही. गोळ्या ओलसर पानांजवळ ठेवू नका, वेगळ्या डब्यात ठेवा, हेही बजावलं. तेव्हापासून त्या कपाटातल्या स्टीलच्या डबीत गेल्या. मला थोडं लागलं, पण त्यांचं बरोबर होतं.

परतल्यावर दारात जनकाबाई उभ्या होत्या, अजून अशक्त, डिंपलच्या खांद्यावर हात ठेवून.

"तू माह्याघरी येऊन नाही राह्यली, म्हणून मीच आली," त्या म्हणाल्या. "तू दिली आन मी दोन-दोन खाल्ल्या. अर्धी चूक माही. डाक्टरनं काय सांगतलं?"

"परत सुरू कर म्हणे."

"मंग कर. चुडा तूच भरशीन."

"माह्या हातानं वाढली तं? सिंधूताई काय म्हणतीन?"

"चाची," डिंपल म्हणाली, "हात माहा हाये. आत्याचा नाही."

मग आमच्या पुढच्या खोलीत जे सुरू झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. रोज दुपारी दार लोटून वहाब मांडी घालून बसायचा, आपला राकट हात पुढं करायचा, आणि अमीरबी त्यावर बांगड्या भरायचा सराव करायची. साबणाचं पाणी, अंगठ्याजवळचं हाड दाबणं, बोटं जुळवणं, सगळं तसंच. सुरुवातीला काच तडकायची. वहाबच्या मनगटावर बारीक ओरखडे उठले. तो म्हणायचा, "चालू दे, माहं कुठी लग्न आहे," आणि उठून तुकडे झाडून टाकायचा. एकदा गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं, तर हा कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घालून बसलेला. त्यानं तशाच हातानं दर सांगितला. अमीरबी तोंडात पदर घालून हसली. तिच्या गोळीला हळूहळू गुण येत होता, आणि मला विचाराल तर वहाबच्या त्या हातालाही.

चुड्याच्या दिवशी मला जनकाबाईंच्या घरी नेलं. खोली बायकांनी भरली होती. सिंधूताई अगदी समोर बसली. अमीरबीनं डिंपलचा हात हातात घेतला. बोटांना अजून बारीकसा कंप होता, तो सगळ्यांना दिसत होता. ती घाई करत नव्हती. एकेक बांगडी चढत गेली. मधेच एक टक असा आवाज झाला आणि बायकांचं गाणं थांबलं. अमीरबीचा हात थांबला. तिचा चेहरा मला पाहवेना.

"वाढली," डिंपल सहज म्हणाली. "दुसरी घे चाची."

अमीरबीनं दुसरी घेतली. ती चढली. त्यापुढच्याही चढल्या. शेवटची मनगटावर गेली तेव्हा जनकाबाईंनी अमीरबीच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसला, आणि गाणाऱ्या बायकांनी गाणं पुढं सुरू केलं.

गर्दी पांगली. अमीरबी उरलेल्या बांगड्या कागदात गुंडाळत होती, तेव्हा सिंधूताई हळूच तिच्याजवळ सरकली. ओट्यावरचा तो मोठा आवाज आता नव्हता.

"अमीरबी, कोणाले सांगू नको. मले बी दोन वर्षांपासून तसंच होते. सकाळी उठू नाही वाटत. जगू नाही वाटत." तिचा हात माझ्याकडे आला. तिनं झाकण उचललं आणि लवंगांच्या वाटीपाशी बोटं नेली. गोळ्या तिथं असतात हे तिनं जनकाबाईंकडून ऐकलं असणार; त्या आता घरच्या स्टीलच्या डबीत होत्या हे तिला माहीत नव्हतं. "एकच दे. माह्याजवळ दुसरी कायचीच गोळी चालू नाही."

माझ्या उभ्या आयुष्यात माझं झाकण पाहुण्याच्या हातावर कधी बंद झालं नव्हतं. अमीरबीनं सिंधूताईचं मनगट धरलं, तिचा हात बाहेर काढला आणि मला बंद केलं. खटका बसल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. पण ते मनगट काही तिनं सोडलं नाही.

"गोळी नाही देत," ती म्हणाली. "मी येतो तुह्यासंगं. जीव लयच नकोसा झाला तं आत्ताच जाऊ. नाहीतर बुधवारी."

सिंधूताई रडायला लागली आणि बराच वेळ रडत राहिली. अमीरबी तिचा हात धरून बसून राहिली. शेवटी सिंधूताई म्हणाली, "बुधवारी."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असं विझत चाललेलं असेल. त्याला तुला काय कमी आहे असं विचारू नका. आपली गोळी त्याला देऊ नका आणि त्याची गोळी हिसकावूही नका. त्याच्या शेजारी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसा, एवढं तर लहान मुलंही करू शकतात. मला घासूनपुसून ठेवलं तर मला आनंदच होईल, पण आधी माणसांना जपा.

बुधवारी सकाळी सिंधूताई दारात आली. नको, मी जात नाही, असं सांगायलाच आली होती बहुतेक, कारण तिचा चेहरा तसा होता. पण अमीरबी चप्पल घालून, पिशवी घेऊन तयार बसली होती. मग सिंधूताईनं तिची पिशवी आपल्या हातात घेतली. दोघी स्टँडाकडे निघाल्या.